एक चिप, दोन भाव



ग्राफिक्स कार्डाचा इतिहास हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने का निवडावा, असे आपणांस वाटेल. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी झाले; तंत्रविद्येची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु वस्तूला किंमत कशाने येते हा प्रश्न आम्हांला जन्मभर पुरला आहे, आणि त्याचे इतके उघडे उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

संगणकाच्या पडद्यावर एखादी घन वस्तू फिरवून दाखवायची, तर तिचा प्रत्येक कोपरा क्षणोक्षणी कोठे पडेल याचे गणित करावे लागते. हे गणित मुख्य प्रोसेसरवर न लादता त्यासाठी निराळी चिप करावी, ही कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स क्लार्क यांनी आकाराला आणली आणि १९८२ साली कॅलिफोर्नियात सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी निघाली. विमाने व मोटारी यांचे आराखडे करणारे इंजिनियर, संशोधक आणि चित्रपटवाले हे तिचे गिऱ्हाईक. १९९३ सालच्या ‘ज्युरासिक पार्क’मधील डायनोसॉर पडद्यावर चालले ते याच कंपनीच्या वर्कस्टेशनांच्या बळावर. यंत्राची किंमत हजारो डॉलर. मोठ्या यंत्रांची लाखाच्याही पुढे. यंत्रे थोडी खपत म्हणून महाग, आणि महाग म्हणून थोडी खपत.

हे चक्र फोडले ते खेळांनी. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये पूर्वी काम केलेल्या तिघांनी १९९४ साली थ्रीडीएफएक्स स्थापन केली. १९९६ साली मेमरी चिपांचे भाव कोसळले आणि त्यांचे ४ मेगाबाइटचे व्हूडू कार्ड सुमारे ३०० डॉलरांत घरच्या संगणकात बसू लागले. त्याची ऐपत बेताचीच होती. नेहमीच्या कामासाठी शेजारी दुसरे कार्ड लागे, आणि कोपऱ्यांचे गणित ते मुख्य प्रोसेसरवरच सोडून देई. पण आकृत्यांत रंग व पोत भरण्याचे काम ते झपाट्याने करी, आणि खेळणाऱ्या पोरांना तेवढे पुरेसे होते. या पोरांच्या पैशावर पुढच्या चिपा निघाल्या. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीचे जीफोर्स २५६ आले आणि एके काळी वर्कस्टेशनचे वैभव असलेले ते कोपऱ्यांचे गणित घरगुती कार्डावर उतरले.

आता खरी गंमत पाहा. त्याच घराण्यातील चिप, वेग किंचित वाढवून, ‘क्वाड्रो’ या नावाने कित्येक पट भावाने इंजिनियरांना विकली जाऊ लागली. जाणत्यांनी कार्डे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा त्यांना दिसले की पट्टीवरील एखाददुसऱ्या बारीक रेझिस्टरची जागा बदलली की जीफोर्स स्वतःला क्वाड्रो म्हणवू लागते! पुढे तर डाग देण्याचीही गरज उरली नाही. ड्रायव्हर प्रोग्रॅममध्ये फेरफार करून भागू लागले. आराखड्याच्या सरळ, गुळगुळीत रेघा काढण्याची शक्ती चिपेत होतीच; स्वस्त कार्डात तिला कुलूप घातलेले होते.

ही युक्ती नवी नव्हे. ज्यूल द्युपुई या फ्रेंच इंजिनियराने १८४९ सालीच आगगाडीविषयी हे मर्म सांगितले होते. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर नसे, ते छपराचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून.

मग सगळीच लबाडी काय? आम्हीही तसेच समजत होतो. २००२च्या सुमारास एका लहान कारखान्यात मालकाने ड्राफ्ट्समनकडून स्वस्त कार्डाचे असे सोंग करवून घेतले. काही दिवस झकास चालले. एके दिवशी डायचे ड्रॉइंग पुरे होत आले असता पडदा गोठला आणि दिवसभराचे काम गेले. मालकाने पोराचा तीन दिवसांचा पगार कापला. त्याचे म्हणणे असे, “चिप तीच आहे ना? मग दोष माणसाचा.”

आम्ही बोलणी करायला बसलो तेव्हा त्या पोरानेच आम्हांला शहाणे केले. खेळात एखादा ठिपका चुकला तर कोणाचे बिघडत नाही, आराखड्यात रेघ चुकली तर माल भंगारात जातो. म्हणून महाग कार्डाचा ड्रायव्हर आराखड्याच्या एकेका प्रोग्रॅमवर तपासून घेतात आणि चालेल अशी हमी देतात. या तपासणीत माणसांचे श्रम असतात. मालकाने चिप मिळवली होती. तिला जामीन राहणारे श्रम मात्र त्याने विकत घेतले नव्हते, आणि त्यांची जोखीम पोराच्या माथी मारली होती. हे पटल्यावर पगार परत मिळाला.

थ्रीडीएफएक्सची मालमत्ता २००० साली एनव्हिडियाने घेण्याचे ठरले. सिलिकॉन ग्राफिक्सने २००६ व २००९ अशी दोनदा दिवाळखोरी पत्करली. स्वस्त कार्डांनी महाग यंत्रांना खाल्ले, आणि मग त्याच स्वस्त चिपेचा महाग भाऊ बाजारात उभा राहिला.

तात्पर्य इतकेच की, महाग कार्डाच्या किमतीत दोन वाटे असतात. एक श्रमाचा, दुसरा कुलपाचा. पहिला आनंदाने द्यावा. तो नाकारणारा शेवटी कोणा तरी गरिबाच्या पगारातून वसूल करतो. पण दोन्ही वाटे एकाच आकड्यात लपवलेले असतात, आणि म्हणून गिऱ्हाइकाने विचारले पाहिजे : यात श्रम किती, आणि कुलूप किती?