बरणी नीट हलवली का?

आमच्या जामखेड तालुक्यात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, तेव्हा चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढतात. पण जमलेल्यांची नजर मुलावर नसते, बरणीवर असते. घड्या सारख्या आहेत ना? बरणी हलवली ना? मी खर्ड्याचा. एवढं बघूनही नोकरीत मात्र मी बरणी न बघताच विश्वास ठेवला.

आमच्या फाइल सिस्टीममध्ये मोठ्या फाइलचे तुकडे करून ते वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. तुकडा कुठे जाणार, हे एक मध्यवर्ती प्रोग्रॅम रँडम पद्धतीने ठरवतो. सर्व्हर चार, क्रमांक 0 ते 3. मशीन सांभाळणारे एक काका मला म्हणाले, "सर, दोनच भरतायत." मी म्हणालो, "रँडम आहे काका, होईल सारखं." तीन आठवड्यांनी 1 आणि 3 च्या डिस्क भरल्या आणि काम ठप्प झालं. 0 आणि 2 जवळजवळ रिकामे होते. सगळा भार एका जागी आला की काय होतं, हे खर्ड्याच्या माणसाला तरी कळायला हवं होतं. मार्च 1795 मध्ये निजाम अली आमच्याच किल्ल्याच्या आसऱ्याला आला, तिथेच कोंडला गेला आणि त्याला तह करावा लागला.

चुकीचं मूळ बरंच जुनं निघालं. 1949 मध्ये डेरिक लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने एक युक्ती मांडली: आधीच्या संख्येला ठरलेल्या संख्येने गुणा, भागा, उरलेली बाकी हीच पुढची 'रँडम' संख्या. पुढे गुणाकारात एक ठरलेली संख्या मिळवू लागले आणि भाजक 2 चा घात घेऊ लागले. मग भागायची गरजच नाही, वरचे बिट आपोआप गळतात. वेग मिळाला, पण गुणक आणि मिळवायची संख्या विषम असली की शेवटचा बिट नुसता पाळी बदलतो: सम, विषम, सम, विषम. खालचे बिट भरवशाचे नसतात, हे डोनाल्ड कनुथ यांनी 1969 मध्येच लिहून ठेवलंय. जुन्या युनिक्सच्या 'रँड'मध्येही हाच दोष होता.

आमचा कोड प्रत्येक तुकड्यासाठी दोन संख्या काढायचा. पहिली तुकड्याच्या नावासाठी, दुसरी सर्व्हरसाठी. दुसरीला 4 ने भागून बाकी घ्यायची. पहिली कायम सम, म्हणून दुसरी कायम विषम. आलटून पालटून 1 आणि 3.

मी चाचणी केली होती, पण एका वेळी एकच संख्या काढून. 4000 वेळा काढल्यावर प्रत्येक सर्व्हरला बरोबर 1000 आल्या, म्हणून खूश झालो. खरी सोडत इतकी नेमकी येत नाही. तिथेच शंका यायला हवी होती.

दुरुस्ती एका ओळीची: खालच्या दोन बिटांऐवजी वरचे दोन घेतले. मग काकांना फोन केला, चूक माझी होती म्हणून सांगितलं. ते रोज वहीत आकडे लिहीत होते.

"मग आता लिहायचं बंद करू?"

"नका करू, काका."