वाण्याच्या वहीपासून दुकानाच्या कार्डापर्यंत : सोलापुरातील घरखर्चाच्या उधारीचा इतिहास

प्रास्ताविक

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, अ‍ॅमेझॉन या ऑनलाइन दुकानाने भारतातील ग्राहकांसाठी 'अ‍ॅमेझॉन पे लेटर' नावाचे उधारखाते सुरू केले. या खात्यावर केवळ दुकानातील वस्तूच नव्हे, तर विजेचे व दूरध्वनीचे देयकही भरता येत असे आणि एकत्रित रक्कम पुढील महिन्यात किंवा हप्त्यांनी फेडता येत असे. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये याच दुकानाचे आयसीआयसीआय बँकेसह काढलेले, तर जुलै २०१९ मध्ये फ्लिपकार्टचे अ‍ॅक्सिस बँकेसह काढलेले क्रेडिट कार्ड बाजारात आले होते. दुकानाच्या नावाचे खाते आणि त्या खात्यातून घराची देयके, ही रचना तेव्हापासून नव्या तंत्रज्ञानाची देणगी म्हणून वर्णिली जात आहे. सोलापूरसारख्या गिरणी-शहराच्या सामाजिक इतिहासाकडे पाहता हे वर्णन अपुरे ठरते. येथील कामगार कुटुंबांचा घरखर्च अनेक दशके दुकानाच्या खात्यावरच चालत आला. बदलले ते त्या खात्यामागे उभे असणारे धनको आणि त्याला लागू होणारा कायदा. प्रस्तुत निबंधात या बदलाचा मागोवा घेतला आहे.

पगाराचा दिवस आणि वही

सोलापूरची 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आणि जाम या गिरण्यांची भर पडली. तेलुगू भाषक पद्मशाली विणकर, कन्नड भाषक लिंगायत, मराठवाड्यातून व आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेले मराठी भाषक शेतमजूर अशी संमिश्र वस्ती गिरण्यांभोवती वाढली. शेतावरच्या मजुराला दाणे सुगीच्या वेळी मिळत. गिरणीच्या कामगाराला रोख पैसे मिळत, पण महिन्याने, आणि तेही महिना संपल्यावर काही दिवस उलटून. पोटाची गरज मात्र रोजची होती. काम आणि पगार यांमधले हे अंतर कोणी तरी भरून काढणे भाग होते, आणि ते पेठेतल्या किराणा दुकानदाराने भरून काढले.

दुकानदाराच्या खतावणीत प्रत्येक कुटुंबाचे एक पान असे. ज्वारी, डाळ, गोडेतेल, रॉकेल, मीठ-मिरची या नोंदींच्या ओळीतच 'रोख' अशीही नोंद पडत असे. ही 'रोख' येथे विशेष महत्त्वाची आहे. खोलीचे भाडे थकले, गावाकडे मनिऑर्डर करावयाची आली, आजारपण निघाले किंवा मुलाची फी भरावयाची झाली, की दुकानदार रक्कम हातावर ठेवी आणि ती कुटुंबाच्या नावे लिही. अशा रीतीने घराची निरनिराळी देणी एकाच पानावर एकत्र येत. भाडे घेणाऱ्याच्या दृष्टीने भाडे फिटलेले असे. कुटुंबाच्या दृष्टीने ते केवळ एका धनकोकडून दुसऱ्याकडे गेलेले असे. पगाराच्या दिवशी जमा होई, उरलेली बाकी पुढे ओढली जाई, आणि दिवाळीला नव्या वहीची पूजा झाली की 'मागील बाकी' ही तिची पहिली नोंद ठरे.

या उधारीला व्याज नव्हते असा एक गोड समज आहे. व्याज वेगळे लिहिलेले नसे, एवढेच. उधारीचा भाव व रोखीचा भाव यांत फरक असे, वजनात-मापात फरक असे, आणि ज्याची बाकी थकलेली आहे त्याला दुसऱ्या दुकानी जाऊन भाव विचारण्याची मुभा उरत नसे. तथापि व्यवहार समोरासमोरचा होता. दुकानदाराला संपाची, आजारपणाची, लग्नाची बातमी असे. त्यामुळे तो कधी हात आखडता घेई, तर कधी थांबून राही. दोन्ही गोष्टी त्याच्या मर्जीवर अवलंबून होत्या, हे विसरून चालणार नाही.

या कर्जबाजारीपणाची पहिली पद्धतशीर मोजणी मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने केली. सोलापुरातील कापड गिरणी कामगारांच्या कौटुंबिक अंदाजपत्रकांची पाहणी १९२५ साली झाली व तिचा अहवाल १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत सुमारे ६३ टक्के कुटुंबे ऋणको असल्याचे आढळले. मुंबई शहराच्या त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४७ टक्के, तर अहमदाबादेत ६९ टक्के होते. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात म्हटले, की बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोन-तृतीयांशांहून कमी कुटुंबे कर्जात नाहीत आणि बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगारापेक्षा अधिक आहे. दरमहा रुपयाला एक आणा हा सावकारी दर आयोगाला सर्रास आढळला; वार्षिक हिशेबाने तो ७५ टक्के होतो.

गिरणीमालकांचाही दुकानदारीत हात होता. पहिल्या महायुद्धाच्या महागाईपासून सोलापूरच्या गिरण्यांनी कामगारांना सवलतीच्या दराने धान्य देण्याची पद्धत ठेवली होती. महागाई भत्त्याचा काही भाग जणू धान्याच्या रूपाने मिळे. कामगारांस ही सवलत हवीच होती. परंतु जो पगार देतो तोच दुकान चालवितो, ही स्थिती इंग्लंडमध्ये इतकी जाचक ठरली होती की तेथे १८३१ सालीच 'ट्रक अ‍ॅक्ट' करून वस्तुरूप पगारावर बंदी घालावी लागली.

कायद्याने काय पाहिले, काय पाहिले नाही

आयोगाचे निदान असे होते की, कर्जाचे एक मूळ पगाराच्या लांब मुदतीत आहे. म्हणून त्याने कापड गिरण्यांसारख्या उद्योगांत सोळा दिवसांच्या आत पगार द्यावा असे सुचविले. ही सूचना कायद्यात उतरली नाही. १९३६ च्या पगार वाटप कायद्याने महिन्याची मुदत मान्य केली. एक हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात पुढील महिन्याच्या सातव्या, तर इतरत्र दहाव्या दिवसाच्या आत पगार व्हावा आणि तो चलनी नाण्यांत वा नोटांत व्हावा, एवढे बंधन आले. मोठ्या गिरणीतील कामगाराच्या दृष्टीने पहिल्या तारखेच्या कामाचे पैसे हाती पडेपर्यंत चाळीस दिवस कायदेशीररीत्या जाऊ शकत होते. दुकानदाराच्या वहीची पाने या चाळीस दिवसांवर भरत होती.

दुसरा कायदा १९४६ चा मुंबई सावकारी कायदा. सावकाराने परवाना घ्यावा, हिशेब ठेवावा, ऋणकोला खात्याचा उतारा द्यावा, अशी चांगली कलमे त्यात होती. हिंदू विधीतील दामदुपटीचे जुने तत्त्व, म्हणजे व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता न येणे, तेही या कायद्यात आले. पण 'कर्जा'च्या व्याख्येतून एक वाट मोकळी राहिली. सावकारी हा ज्याचा मुख्य धंदा नाही अशा व्यापाऱ्याने आपल्या व्यवहाराच्या नित्य ओघात दिलेली आगाऊ रक्कम त्या व्याख्येत बसत नव्हती. सावकाराच्या दारी गेलेल्या कामगाराला कायद्याचे संरक्षण होते. वाण्याच्या पानावरची 'रोख' मात्र बव्हंशी त्याच्या कक्षेबाहेर राहिली. बँकाही बाहेरच होत्या. ही दुसरी सूट त्या काळी गिरणी कामगाराच्या दृष्टीने निरर्थक होती, कारण बँकेची पायरी तो चढतच नव्हता. पुढे तीच निर्णायक ठरली.

वहीवरची उधारी किती नाजूक होती, हे १९४९ साली जुन्या गिरणीने दाखविले. व्यवस्थापनाने २७ जुलै रोजी नोटीस देऊन २७ ऑगस्ट १९४९ रोजी गिरणी बंद केली. जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून व त्यानंतर संसदेत खास कायदा करून सरकारने कंपनीचे व्यवस्थापन हाती घेतले. एका भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. 'चिरंजितलाल चौधरी' या नावाने प्रसिद्ध असलेला तो निकाल ४ डिसेंबर १९५० रोजी लागला आणि आजही विधी महाविद्यालयांत समानतेच्या कलमासंदर्भात शिकविला जातो. त्या वादात भागधारकांचे हक्क आहेत, संचालकांचे अधिकार आहेत, कामगारांच्या रोजगाराचाही उल्लेख आहे. पेठेतल्या खतावण्यांत त्या महिन्यांत कोणती बाकी साचली, हा प्रश्न कोणत्याच पक्षाचा नव्हता. पगार थांबला की दुकानदाराचे येणे बुडते आणि त्याच्यामागे ठोक व्यापाऱ्याचे देणे उभे असते. गिरणीवर जगणाऱ्या शहराचा हा दुवा न्यायालयाच्या दफ्तरात सापडत नाही.

देयक-खिडकी ते मोबाइल

वीज आणि नळ ही देयके घराघरांत आल्यावर वहीबाहेरची, छापील तारखेची देणी वाढली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले व २००५ मध्ये त्याच्या विभाजनातून महावितरण कंपनी निघाली. वीजबिलाची रांग हा शहरी मध्यमवर्गाचा आणि कामगारांचाही मासिक विधी होता; सहकारी बँका व पतसंस्थांच्या भरणा केंद्रांनी तो काहीसा सुसह्य केला. येथे उधारी नव्हती, रोखीने भरणा होता. बिल थकले तर ते स्पष्टपणे वीज मंडळाकडेच थकलेले असे.

दुकानाच्या खात्याचे कार्ड होणे ही घडामोड परदेशात घडली. अमेरिकेतील मोठी वस्तुभांडारे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आपल्या ग्राहकांना खात्याच्या धातूच्या पट्ट्या देत. १९५० मध्ये डायनर्स क्लबने अनेक दुकानांत चालणारे कार्ड काढले, आणि १९८६ मध्ये सिअर्स या वस्तुभांडाराने 'डिस्कव्हर' कार्ड देशभर आणून दुकानाचे खाते दुकानाबाहेर चालते केले. भारतात सेंट्रल बँकेने १९८० मध्ये कार्ड काढले, पण ते दीर्घकाळ नोकरदार उच्च मध्यमवर्गापुरतेच राहिले. सोलापुरात तर या काळात गिरण्याच एकेक करून बंद पडत होत्या. कामगार यंत्रमागाकडे, तर घरातील स्त्रिया मोठ्या संख्येने विडी वळण्याकडे वळल्या. हजार विड्यांच्या दरावर मिळणाऱ्या मजुरीने घर चालविणाऱ्या स्त्रीचा पतपुरवठादार पुन्हा कोपऱ्यावरचा किराणा दुकानदारच होता. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी व पाठोपाठ पगार वाटप कायद्यात झालेली दुरुस्ती यांमुळे ही मजुरी बँक खात्यातून देण्याचा आग्रह वाढला. ज्या कुटुंबांचे बँकेत नाव नव्हते त्यांची आवक प्रथमच बँकेच्या नोंदीत दिसू लागली, आणि जेथे आवक दिसते तेथे कर्ज देऊ करणारेही पोहोचतात.

त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले, भारत बिल पेमेंट प्रणालीने वीज, पाणी, गॅस यांची देयके एका सूत्रात आणली, आणि २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता आले. घराचे प्रत्येक बिल आता उधारीवर भरता येण्याजोगे झाले. त्याच वर्षी जून महिन्यात रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या मर्यादेतून प्रीपेड कार्डे व पाकिटे भरण्यास बँकेतर कंपन्यांना मनाई केली, त्यावरून या वाटेचा वापर किती वाढला होता याची कल्पना यावी.

यातील अर्थशास्त्र एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १,२०० रुपयांचे वीजबिल मुदतीत भरता आले नाही. महावितरणचा विलंब आकार १.२५ टक्के, म्हणजे १५ रुपये. शिवाय २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याविना पुरवठा तोडता येत नाही. आता तेच बिल कार्डावर भरले व कार्डाची रक्कम थकली असे धरू. दरमहा साडेतीन टक्के या प्रचलित पट्ट्यातील दराने एका महिन्याचे व्याज ४२ रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून सुमारे ५० रुपये होतात. विलंब शुल्क निराळे. वीज तुटण्याची भीती गेली, हे खरे. पण नियामक आयोगाने ठरविलेल्या आकाराचे देणे जाऊन त्याच्या तिपटीहून अधिक महाग देणे आले, आणि पावतीवर शब्द छापला गेला 'भरणा यशस्वी'. वाण्याच्या पानावरील 'रोख' नोंदीत घडे तेच येथे घडले.

या महाग देण्याला मर्यादा कोणी घालावी? राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये कार्डावरील थकबाकीस वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. व्याजाचा प्रश्न रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील आहे, असे त्याचे तात्पर्य. बँकेतर वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, हे २०२२ मध्येच ठरले होते. १९४६ च्या कायद्यातील बँकांची सूट कामगाराच्या घरापर्यंत पोहोचावयास पाऊणशे वर्षे लागली. दामदुपटीचे तत्त्व सावकारापुरते उरले; कार्डाच्या चक्रवाढीला ते शिवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या निदेशांनुसार, किमान रक्कमच भरत गेल्यास परतफेड कित्येक वर्षे लांबेल असा इशारा मासिक विवरणात देणे बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरांत असतो.

साधनांचा प्रश्न

दुकानदाराची वही एकतर्फी होती, पण ती पाहता येत असे. शंका असल्यास ग्राहक दुकानात उभा राहून पान उलटायला सांगे, आणि वाचता न येणारी बाईही 'त्या दिवशी गूळ नेलाच नव्हता' असे ठणकावू शके. २०१७ नंतर आलेल्या ओकेक्रेडिट, खाताबुक यांसारख्या मोबाइल वह्यांनी दुकानदाराची नोंद ग्राहकाच्या फोनवर, मराठीतही, पोहोचविली. या अर्थाने किराणा उधारी अधिक पारदर्शक झाली असे म्हणता येईल. कार्डाच्या खात्यात मात्र नोंद बिनचूक असूनही तिच्याशी वाद घालावयास समोर कोणी नसते.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे यातून एक तातडीचे काम उभे राहते. सोलापूरच्या गिरण्यांवर मालकांचे, संघटनांचे आणि सरकारचे कागद आहेत, ध. रा. गाडगीळ यांचा १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास आहे. घरखर्चाचा दैनंदिन पुरावा मात्र मंगळवार पेठ, साखर पेठ यांसारख्या जुन्या भागांतील दुकानांच्या खतावण्यांत असणार, काही मोडीत, काही गुजराती वा कन्नड लिपीत. दुकाने हस्तांतरित होतात, माळे रिकामे केले जातात, आणि अशा वह्या रद्दीत जातात. शहरातील महाविद्यालयांच्या इतिहास, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांना विद्यार्थ्यांकरवी त्यांची सूची करणे शक्य आहे. सूची करताना ग्राहकांची नावे झाकावी लागतील. 'रोख' या शब्दापुढील रक्कम आणि तिच्यापुढे कंसात लिहिलेले कारण मात्र जसेच्या तसे उतरवून घ्यावे लागेल.