उतारावरची गाडी कोण थांबवणार?

इतिहासाच्या व्याख्यानासाठी विजेच्या आणि चालकाविना धावणाऱ्या मोटारींचा विषय निवडला, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. इतिहास म्हणजे मागचे, आणि या मोटारी तर पुढच्या काळातल्या. परंतु आमच्या जोयडा तालुक्यातील कॅसलरॉकला हा विषय नवा नाही. उतारावर लागलेली गाडी थांबली नाही तर काय करायचे, या एका प्रश्नाभोवती या स्टेशनाचे काम 1888 पासून चालू आहे. आज मुलगा किंवा सून विजेची मोटार घ्यायची म्हणते आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, तेव्हा प्रश्न तोच असतो. म्हणून उत्तरासाठी आधी घाटाकडे जाऊ.

थोडक्यात इतिहास असा. 26 डिसेंबर 1878 रोजी इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. मुरगाव बंदराला ब्रिटिश हिंदुस्थानच्या मुलखाशी रेल्वेने जोडायचे, हा त्यातला एक हेतू. मुरगावपासून सह्याद्री चढून कॅसलरॉकपर्यंतचा मीटरगेज रस्ता वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेने बांधला, आणि इकडून सदर्न मराठा रेल्वेचा फाटा लोंढ्याहून येऊन मिळाला. 1888 मध्ये गाडी वरपर्यंत आली. पोर्तुगालच्या राजघराण्यावरून या घाटाला ब्रागांझा घाट म्हणू लागले. वर कॅसलरॉकला इंग्रजांची जकात, खाली कुळ्याला पोर्तुगिजांची. 1955 मध्ये ही वाहतूक बंद पडली आणि 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर सीमाही मिटली. 1990 च्या दशकात मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले. राज्ये गेली, गेज गेला, वाफेची इंजिने गेली. उतार मात्र जसाच्या तसा राहिला.

हा उतार समजून घेतला पाहिजे. कॅसलरॉक ते कुळे हे अंतर सुमारे 26 किलोमीटर. वाटेत करंजोळ, दूधसागर, सोनावली. चढाचे प्रमाण 37 फुटांना 1 फूट. पायी चालणाऱ्याला हा उतार जाणवणारही नाही. पण लोखंडाचे चाक लोखंडी रुळावर फारच कमी घर्षणाने फिरते, आणि हजारो टनांची मालगाडी एकदा या उतारावर सुटली की तिचा वेग प्रत्येक फर्लांगाला वाढत जातो. त्यात आपला पावसाळा. रूळ ओले, धुके दाट, दरडी सैल.

यावर रेल्वेने काय केले? ब्रेक कधीच निकामी होणार नाहीत असा दावा केला नाही. उलट, ते एक दिवस निकामी होतीलच, असे धरून घाटाची व्यवस्था लावली. कॅसलरॉकला गाडी थांबते आणि ब्रेकची तपासणी झाल्याशिवाय खाली सुटत नाही. जड गाडीला पुढे-मागे जादा इंजिने लागतात. ती चढताना ढकलतात आणि उतरताना आवरून धरतात. त्याउपर घाटातील स्टेशनांवर कॅच सायडिंग आहेत. मुख्य मार्गातून फुटून उलट चढावर जाणारा हा रुळांचा एक फाटा. सांधे नेहमी त्या फाट्याकडेच लावलेले असतात. वरून आलेल्या गाडीने आधी थांबायचे. ती थांबली म्हणजे ताब्यात आहे अशी खात्री होते, आणि मगच सांधे मुख्य मार्गाला लागतात. जी गाडी थांबू शकली नाही, ती आपोआप चढावाच्या फाट्यावर जाते आणि तिचा वेग तिथेच मरतो. ड्रायव्हर किती हुशार आहे, याच्याशी या फाट्याला काही घेणे नाही.

ब्रेकची गोष्टही अशीच. कॅसलरॉकला पहिली गाडी आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, 12 जून 1889 रोजी, आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ सहलीची एक गाडी चढावर अडली. इंजिनाला ओढवेना, म्हणून मागचे डबे सोडवले. त्या गाडीचे ब्रेक इंजिनाशी जोडलेले असेपर्यंतच काम करणारे होते. डबे सुटले, मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 माणसे मेली. त्यांत मुले पुष्कळ होती. आपोआप लागणारा ब्रेक तेव्हा उपलब्ध होता. खर्च होतो म्हणून अनेक कंपन्या तो टाळत होत्या. अपघातानंतर तीन महिन्यांच्या आत ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून तो सक्तीचा केला.

आपोआप लागणारा ब्रेक म्हणजे काय, हे साध्या शब्दांत सांगतो. जुन्या व्हॅक्यूम ब्रेकमध्ये संपूर्ण गाडीच्या नळीतील हवा काढून घेऊन ब्रेक सुटे ठेवावे लागत. नळी तुटली, डबा निखळला, की हवा आत शिरते आणि ब्रेक लागतात. म्हणजे गाडी चालू ठेवण्यासाठी सतत प्रयत्न करावा लागतो, थांबण्यासाठी काहीच करावे लागत नाही. बिघाड झाला तर गाडी थांबते. घाटाने शिकवलेली मुख्य गोष्ट हीच आहे. यंत्र चांगले चालते तेव्हा कसे असते, हे विक्रेता सांगेलच; ते बिघडते तेव्हा काय करते, हे आपण विचारले पाहिजे.

आता मोटारीकडे येऊ. मोटारीची भीती नवी नाही. इंग्लंडमध्ये 1865 च्या कायद्याने यंत्राने चालणाऱ्या वाहनापुढे पायी चालणारा एक माणूस लाल निशाण घेऊन ठेवावा लागे. आज आपण त्याला हसतो. 1896 मध्ये ही बंधने सैल होत असतानाच 17 ऑगस्ट रोजी लंडनमध्ये रस्ता ओलांडणारी एक बाई मोटारीखाली सापडून मेली. एवढ्या संथ वाहनाने माणूस मरू शकतो, यावर लोकांचा विश्वास बसेना. पुढे काय झाले ते आपण रोजच्या वर्तमानपत्रात वाचतो. 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. निशाणवाल्याला हसताना हा आकडाही लक्षात ठेवावा.

विजेची मोटारही नवी नाही. ताशी 100 किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती. ते वर्ष 1899. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, फोर्डची मोटार आली, 1912 पासून हँडल न मारता इंजीन सुरू होऊ लागले आणि विजेची मोटार मागे पडली. आपल्याकडे 2001 मध्ये बेंगळुरूहून रेवा ही छोटी विजेची मोटार निघाली. पण सामान्य कुटुंबांत चर्चा सुरू झाली ती गेल्या पाच-सात वर्षांत.

या गाडीची मुख्य भीती आगीची. मार्च 2022 मध्ये पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली आणि ते दृश्य घरोघरी मोबाइलवर पोचले. त्याच सुमारास तमिळनाडूतील वेल्लोर येथे रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला आग लागून बाप आणि लेक गुदमरून गेले. होमिओपॅथीत रुग्णाची नोंद घेताना तक्रार कोणती, एवढ्यावर आम्ही थांबत नाही. ती कशाने वाढते आणि कशाने कमी होते, हेही विचारतो. बॅटरीला हाच प्रश्न विचारावा. लिथियमच्या बॅटरीची तक्रार उष्णतेने, मार लागल्याने, आत पाणी शिरल्याने, चुकीच्या चार्जरने आणि निकृष्ट बांधणीने वाढते. एक सेल तापला की शेजारचा तापतो, आणि विझली वाटणारी आग काही तासांनी पुन्हा पेटू शकते. स्वीडनमधील नोंदी पाहिल्या तर विजेच्या मोटारी पेट्रोल-डिझेलच्या मोटारींपेक्षा कमी वेळा पेटतात. म्हणजे आग क्वचित लागते. पण लागली तर वेगळ्या जातीची असते.

2022 च्या घटनांनंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले आणि ते त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. आतला एक सेल पेटलाच, तर बाहेरच्यांना पुरेसा आधी इशारा मिळतो का, हेही त्यात तपासले जाते. सेल कधीच पेटणार नाही, असे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले नाही. कॅच सायडिंगमागचा विचार याहून वेगळा नाही.

आपल्या भागासाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. विजेची मोटार उतरताना तिची मोटर उलट काम करते, वीज तयार करते आणि गाडी आवरून धरते. अनमोड घाट उतरताना ही मोठीच सोय आहे. परंतु बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल, तर ती वीज ठेवायला जागा नसते, आणि हे आवरणे कमी होते. तेव्हा रामनगरहून गोव्याकडे उतरणाऱ्याने बॅटरी शंभर टक्के भरून निघू नये. जुन्या गार्डांना हे सहज पटले असते; उतरण्याची तयारी ते वरच करीत.

विजेला धूर नाही, म्हणून ती फुकट आहे असे मात्र समजू नये. आपल्या तालुक्याला हे सांगावे लागत नाही. काळी नदीवरच्या सुपा धरणात जुने सुपा गाव बुडाले आणि तिथली अनेक कुटुंबे रामनगरला येऊन राहिली. घाटाखाली मोलेच्या जंगलातून नवी वीजवाहिनी, रुंद महामार्ग आणि दुसरा रेल्वेमार्ग नेण्याच्या योजनांवरून गोव्यात मोठे आंदोलन झाले. कॅसलरॉक ते कुळे या दुसऱ्या मार्गाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने 9 मे 2022 रोजी रद्द केली. विजेच्या मोटारीचा हिशेब करताना कोणाचे गाव आणि कोणते रान खर्ची पडले, हा रकानाही वहीत असावा.

आता राहिली चालकाविना धावणारी मोटार. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. यंत्र दारू पीत नाही, डुलकी घेत नाही, मोबाइल पाहत नाही. दरवर्षी दीड लाखावर माणसे मरतात त्या देशात हा मुद्दा झटकून टाकता येत नाही. पण यंत्र चुकते तेव्हा कसे चुकते, ते पाहा.

18 मार्च 2018 च्या रात्री अमेरिकेत टेंपी येथे उबर कंपनीची चाचणीतील मोटार एका बाईवर धडकली. ती सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. चौकशीत निघाले की धडकेच्या 5.6 सेकंद आधी यंत्राला ती दिसली होती. यंत्राने तिला कधी वाहन ठरवले, कधी नुसती वस्तू, कधी सायकल. पट्टे नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल, हे त्याला शिकवलेच नव्हते. मोटारीत देखरेखीसाठी बसलेल्या व्यक्तीचे लक्ष मोबाइलवर होते. पुढे शिक्षा झाली ती त्या व्यक्तीला. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही.

दुसरी घटना सान फ्रान्सिस्कोची, 2 ऑक्टोबर 2023 ची. एका माणसाने चालवलेल्या मोटारीने उडवलेली बाई क्रूझ कंपनीच्या चालकविरहित मोटारीपुढे पडली. ही मोटार थांबली. मग बाजूला उभे राहण्यासाठी पुन्हा पुढे गेली आणि खाली अडकलेल्या बाईला सुमारे 20 फूट फरफटत नेले. गाडीखाली माणूस आहे, हे तिला कळले नव्हते. कंपनीने सुरुवातीला ही फरफट नीट उघड केली नाही, आणि कॅलिफोर्निया राज्याने त्याच महिन्यात तिचा परवाना थांबवला.

आमच्या जैन साधूंना चालण्याचा नियम आहे. त्याला ईर्यासमिती म्हणतात. पुढची चार हात जमीन पाहून, जीव वाचवून पाऊल टाकायचे. दिसते तेवढेच चालायचे, आणि न दिसणाऱ्या जागी कोणी असेलच असे धरून चालायचे. टेंपीच्या मोटारीत नेमके हेच नव्हते. ओळख पटली नाही तरी ती वेगात राहिली. जे ओळखता येत नाही त्याच्यापुढे थांबायचे, हा नियम माणसाने आधी स्वतः पाळला पाहिजे आणि मग यंत्राला घातला पाहिजे.

दिल्ली मेट्रोची एक मार्गिका 28 डिसेंबर 2020 पासून चालकाविना धावते आहे. ती चालते, कारण तिच्या रुळांवर गुरे येत नाहीत आणि शाळकरी मुले धावत नाहीत. अनमोडच्या रस्त्यावर पावसाळी संध्याकाळी धुक्यातून गवा येतो, दुचाकी उलट बाजूने येते, आणि रस्त्याचे पट्टे चिखलाखाली जातात. शिवाय पोटाचा प्रश्न आहे. कुळ्याहून दूधसागरला जीप नेणारे, रामनगर-लोंढ्याचे टेंपोवाले, यांच्या घरची चूल स्टिअरिंगवर चालते. नितीन गडकरी यांनी चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे जाहीरपणे सांगितले आहे. ही भूमिका किती वर्षे टिकेल, यावर मतभेद असू शकतील. पण मधला काळ मिळाला आहे, तो नियम घडवण्यासाठी वापरावा. आर्मासारखी आणखी 80 माणसे मरेपर्यंत थांबू नये.

वाचकहो, विजेच्या मोटारीला माझा विरोध नाही. तपासून घेतली तर ती घरात यावी, असेच मला वाटते. चालकविरहित मोटारीबाबत मात्र घाई नको. दोघींनाही घाटाचे तीनच प्रश्न विचारावेत. बिघडली तर ती आपोआप सुरक्षित थांबते का? सुटण्याआधी तिची तपासणी विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी केली आहे का? आणि अपघात झालाच, तर चौकशी उघड होऊन जबाबदार कोण ते ठरते का? या तिन्हींची उत्तरे मिळाली की गाडीत बसावे, मुलाबाळांना बसवावे. एकाचे जरी मिळाले नाही, तरी कॅसलरॉकला थांबते तसे वरच थांबावे.