ठाणे–कल्याण परिसर : लोहमार्ग व वस्ती
उल्हास नदी व ठाण्याची खाडी यांच्या काठचा हा प्रदेश प्राचीन काळापासून जलमार्गावर अवलंबून होता. कल्याणचा उल्लेख पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात व कान्हेरीच्या शिलालेखांत आढळतो. बोरीबंदर–ठाणे हा सु. ३४ किमी. लांबीचा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. खाडीवर पूल बांधून तो १८५४ मध्ये कल्याणपर्यंत नेण्यात आला. पुढे बोरघाटातून पुण्याकडे (१८६३) व थळघाटातून नासिककडे (१८६५) जाणारे मार्ग पूर्ण झाल्याने कल्याण हे प्रमुख जंक्शन बनले. जलवाहतुकीचे महत्त्व ओसरले आणि वस्ती खाडीकाठाकडून स्थानकांभोवती सरकू लागली.

पारसिकचा सु. १.३ किमी. लांबीचा बोगदा (१९१६) व १९२५ नंतरचे विद्युतीकरण यांमुळे मुंबईचा प्रवास जलद झाला. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली. तीच वसाहत पुढे उल्हासनगर म्हणून वाढली. मुंबईतील घरे न परवडणाऱ्या नोकरदारांनी डोंबिवलीत वास्तव्य केल्याने मूळच्या खेड्याचे शहर झाले. ठाणे (१९८२) व कल्याण–डोंबिवली (१९८३) येथे महानगरपालिका स्थापन झाल्या. कल्याण–डोंबिवलीची लोकसंख्या २०११ मध्ये सु. १२.५ लाख होती.

डोंबिवली व ठाणे येथे उद्योग उभे राहिले, तरी असंख्य रहिवाशांची उपजीविका मुंबईतच राहिली. घर व काम यांतील हे अंतर लोहमार्गानेच शक्य केले. त्याचा भारही त्यावरच पडला. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलगाड्यांतून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले, ते याच विषम वाढीचे फलित होय.