कंपनीचा, लोकल आणि डुप्लिकेट : खान्देशातल्या ॲम्प्लिफायरची गोष्ट

इतिहासाच्या व्याख्यानमालेत आज ॲम्प्लिफायर, भोंगे आणि स्पीकरची खोकी येणार आहेत. विषय हलका वाटेल, पण त्यात एक जुना प्रश्न आहे. दुसऱ्याने शोधलेली वस्तू पाहून आपण तशीच बनवली, तर ती चोरी का?

जळगाव-धुळ्याच्या बाजाराने याचं उत्तर तीन शब्दांत देऊन ठेवलंय : कंपनीचा, लोकल आणि डुप्लिकेट. मंडपवाला, बँडवाला, दुरुस्तीवाला, सगळे हेच शब्द वापरतात. शिकलेली माणसं बहुतेकदा 'लोकल' आणि 'डुप्लिकेट' एकाच टोपलीत टाकतात. आमचं म्हणणं असं की हे दोन शब्द अगदी वेगळे आहेत, आणि नकलेची नीती शोधायची तर त्या दोघांमधल्या फरकात शोधावी लागते.

ॲम्प्लिफायर थोडा वेळ बाजूला ठेवू आणि आधी अमळनेरला जाऊ. कारण नकलेचा एक मोठा खटला देशात गाजला आणि त्यातला माल आपल्या जिल्ह्यातही तयार होत होता.

१९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. आजची विप्रो ती हीच. तिथे काय व्हायचं? वनस्पती तूप. तेलात हायड्रोजन सोडायचा, की ते घट्ट होतं, दाणेदार होतं, तुपासारखं दिसतं. म्हणजे सरळ सरळ साजूक तुपाची स्वस्त नक्कल. देशात डालडा आधीच आला होता, आणि त्यावरून प्रचंड वाद चालला होता. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्याविरुद्ध लिहिलं. बंदी घाला, निदान रंग तरी घाला म्हणजे ओळखू येईल, अशी मागणी संसदेपर्यंत गेली.

शेवटी काय झालं ते बघा. बंदी आली नाही. रंगही जमला नाही. पण प्रत्येक वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती झाली. का, तर तिळाच्या तेलाची एक रासायनिक परीक्षा आहे, बोदुआँ परीक्षा. तीत नमुना लालसर गुलाबी होतो. कुणी साजूक तुपात वनस्पती मिसळून विकलं, की परीक्षानळीत ते पकडलं जाणार. सरकारने नक्कल थांबवली नाही. नक्कल स्वतःच्या नावाने विकायला मोकळीक दिली आणि खोटं नाव सांगणाऱ्यासाठी सापळा लावला. गरिबाच्या चुलीवर डालडा चढला, तो या तडजोडीमुळे.

आता ॲम्प्लिफायर. भोंगा आणि ॲम्प्लिफायर म्हटलं की आपल्याकडे आहुजा हेच नाव येतं. दिल्लीची कंपनी, १९४० पासूनची. यात्रा, कीर्तन, तमाशाचा फड, निवडणुकीची जीप, सगळीकडे तोच आवाज. पण खेड्यातल्या नव्या मंडपवाल्याला कंपनीचा सेट परवडायचा नाही. त्याच्यासाठी होता लोकल. पत्र्याचा डबा वाकवून घेतलेला, ट्रान्सफॉर्मर गल्लीतच गुंडाळलेला, मागे ॲल्युमिनियमचा हीटसिंक, त्यावर २एन३०५५ ट्रान्झिस्टरची रांग. बिघडला तर बनवणाराच दुरुस्त करणार, आणि तो दोन गल्ल्या पलीकडे राहतो. धुळ्यात गल्ल्यांना नंबरच आहेत, पत्ता चुकायची सोय नाही!

या लोकलवाल्याने सर्किट कुठून आणलं? इथे बऱ्याच जणांची समजूत चुकते. कंपनीचा सेट उघडून चोरलं, असं वाटतं. तसंही झालं असेल. पण ॲम्प्लिफायरच्या इतिहासातली बरीचशी सर्किटं मुळात वाटलेली आहेत. १९४७ साली विल्यमसन नावाच्या इंजिनिअरने 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात आपला ॲम्प्लिफायर पूर्ण आकृतीसह छापला. वाचकांनी घरी बनवावा हाच हेतू. जगभर बनला. २एन३०५५ काढणारी अमेरिकेची आरसीए कंपनी स्वतःच्या पुस्तिकांमधून ॲम्प्लिफायरची सर्किटं द्यायची. जपानच्या सॅन्योची एलए४४४० ही चिप घ्या, जिला आपल्याकडे नुसतं 'चव्वेचाळीस चाळीस' म्हणतात. तिच्या माहितीपत्रकात सर्किट तर होतंच, तांब्याच्या पट्ट्या पाटीवर कशा काढायच्या तोही नमुना होता. यात उपकार नाही, धंदा आहे. सर्किट जितके लोक उतरवतील तितक्या चिपा विकल्या जातील. म्हणून लोकलवाल्याच्या हातात आलेलं सर्किट पुष्कळदा चोरीचं नव्हतं, निमंत्रणाचं होतं.

आणि जिथे निमंत्रण नव्हतं तिथे कायदा काय म्हणतो? आपल्या साउंडवाल्यांना बेहरिंगर हे नाव माहीत आहे, स्वस्त मिक्सरसाठी. अमेरिकेच्या मॅकी कंपनीने त्यांच्यावर दावा लावला की आमच्या मिक्सरचं सर्किट उचललं. लंडनच्या हायकोर्टात १९९९ साली निकाल लागला. सर्किटची आकृती म्हणजे वस्तू कशी बनवायची याचा आराखडा. त्या आराखड्यावरून वस्तू बनवली तर तो कॉपीराइटचा भंग होत नाही, असा. लेखकाचं पुस्तक छापणं वेगळं आणि पुस्तकात वाचून विहीर खोदणं वेगळं, असं म्हणा हवं तर.

आपल्या कायद्यात त्याहून गमतीचं कलम आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५. एखादं डिझाइन नोंदवता येण्यासारखं आहे, पण मालकाने नोंदवलं नाही आणि त्याच्या ५० पेक्षा जास्त वस्तू कारखान्यात बनल्या, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. नोंदवलं तर २००० च्या डिझाइन कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त १५ वर्षं संरक्षण. म्हणजे विचार असा, की रूपाचा हक्क थोड्या काळासाठी द्यायचा आणि मग ती वस्तू सगळ्यांची. डीजेच्या जमान्यात प्लायवूडची जी अजस्र खोकी वरातीत आली, त्यातल्या कित्येक आकारांचं मूळ परदेशी आहे. आणि जेबीएलसारख्या कंपन्या त्या काळी खोकी बनवण्याचे नकाशे स्वतःच छापत. आपल्या सुताराने ते नकाशे प्रत्यक्ष पाहिलेही नसतील. त्याने समोरच्या खोक्याला टेप लावला.

हे झालं लोकलचं समर्थन. आता डुप्लिकेट. आणि इथे आवाज थोडा चढवावा लागेल.

लोकल आपल्या नावाने विकला जातो. डुप्लिकेट दुसऱ्याच्या. पाटीवर कंपनीचं नाव, एखादं अक्षर इकडचं तिकडे, तोच रंग, तीच बटणं. तरी तेवढं निदान दिसतं. खरं नुकसान न दिसणाऱ्या लबाडीने केलं. मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये तोशिबाची ५२००-१९४३ ही ट्रान्झिस्टरची जोडी चालते, कुठल्याही मेकॅनिकला विचारा. मूळ माल १५ अँपिअर, २३० व्होल्ट, १५० वॉट सोसणारा. बाजारात त्याच छापाचे कमी किमतीचे मिळतात. वर अक्षरं तीच. जळून गेल्यावर फोडून बघा, आतली सिलिकॉनची चकती नखाच्या तुकड्याएवढी. उष्णता वाहून न्यायला तिच्यात जागाच नाही. खरेदी करताना हे कळायला बोदुआँ परीक्षा नाही.

आणि नुकसान कुणाचं होतं? तोशिबाचं काही ना काही होत असेल, जपानमध्ये. पण दाट लग्नतिथीला बँडवाल्याने कर्ज काढून ॲम्प्लिफायर घेतलेला असतो, सुपारी घेतलेली असते. वरात चौकात आली आणि आउटपुट उडालं, जाताना स्पीकरची कॉइलही घेऊन गेलं, की पैसे अडतात, पुढच्या दोन तारखा जातात. ज्या दुकानदाराने ते ट्रान्झिस्टर दिले तो म्हणतो, आम्हाला पण असंच आलं. दुरुस्तीवाला प्रामाणिक असूनही बदनाम होतो. 'असल शे का?' हा प्रश्न अहिराणीत आपल्याकडे काउंटरवर विचारला जातो, आणि त्याचं खरं उत्तर देणारा साखळीत एकही जण नसतो.

आता लोकलवाल्यांनाही सोडू नका. नाव स्वतःचं, पण वॉट? चव्वेचाळीस चाळीसच्या बोर्डावर २०० वॉट लिहिलेलं सर्रास दिसतं. हिशेब करू, फळ्यावर मावेल इतकाच आहे. १२ व्होल्टची बॅटरी, ४ ओहमचा स्पीकर, दोन्ही भाग ब्रिज करून जोडले. आवाजाची लाट जास्तीत जास्त १२ व्होल्टपर्यंत जाणार. १२ गुणिले १२ म्हणजे १४४, भागिले दोनदा ४ म्हणजे ८. उत्तर १८ वॉट. बॅटरी थोडी जास्त चार्ज असेल तर एक-दोन वॉट वर. सॅन्योने स्वतः १९ लिहिले होते. उरलेले १८० कुठून आले? मोठ्या कंपन्यांनीही स्टिरिओवर 'पीएमपीओ' नावाने हजार हजार वॉट छापलेच होते, तेव्हा हा खोटेपणासुद्धा लोकलवाल्यांनी कॉपी केला म्हणायचा. पण म्हणून तो कमी खोटा ठरत नाही. आमच्या हिशेबाने हा लोकल त्या आकड्यापुरता डुप्लिकेट झाला.

एक गोष्ट मात्र आमच्या मांडणीला अडते, ती सांगायला हवी. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि पुढे तिचं तंत्र इतर कंपन्यांना मोफत वापरू दिलं. त्याच स्वस्त, मोकळ्या तंत्रामुळे मराठी, अहिराणी, भोजपुरी अशा भाषांतल्या छोट्या गायकांना बाजार मिळाला. मोठ्या ग्रामोफोन कंपनीच्या दारात उभं राहायची गरज उरली नाही. आणि त्याच डेकवर त्यांच्याच कॅसेटच्या प्रती निघाल्या. कव्हर तेच, नाव त्याच गायकाचं. नाव खरं होतं, गाणं खरं होतं, फक्त पैसे गायकाकडे गेले नाहीत. १९८४ मध्ये कायदा कडक झाला, पण बसस्टँडवरचा गाडा कोण तपासणार? म्हणजे नाव खरं असलं की नक्कल चालते, हे सूत्र गाण्याला लावता येत नाही. ॲम्प्लिफायर उतरवणाऱ्याला वस्तू पुन्हा बनवावी लागते. पत्रा, तार, झाळकाम, हमी, सगळं त्याचं स्वतःचं. कॅसेट उतरवणाऱ्याला फक्त बटण दाबायचं असतं. त्याची मेहनत शून्य आहे, आणि गायकाकडे विकायला दुसरं काही नाही.

हाच फरक आता सर्किटच्या बाबतीत पुसट होत चाललाय. पूर्वी बोर्ड हाताने कोरायचा. आज तयार फाइल मिळते, ती परदेशी कारखान्यात पाठवली की आठवड्यात शंभर बोर्ड घरी. जळगावात एखादा तरुण स्वतः डोकं लावून नवा बोर्ड बनवतोय असं समजा. त्याने तो नोंदवला नाही, ५० च्या वर विकले, आणि शेजारच्याने फाइल उतरवली. कायदा त्याच्या बाजूने फारसा उभा राहणार नाही. कारण अशा वस्तूचं दुसऱ्याने पुन्हा बनवणं वैध असावं, असं आपण गेला अर्धा तास म्हणत आलोय, आणि तेच कायदाही म्हणतो. त्या तरुणाला काय सांगायचं, यावर श्रोत्यांमधल्या दुरुस्तीवाल्यांचं मत आम्हाला ऐकायचं आहे. माइक पुढे देतोय. हा कंपनीचा आहे.