पायाखालचे सागवान

वसईच्या किल्ल्यातील पडक्या भिंतींत ओळीने खाचा दिसतात. त्यांत तुळयांची टोके बसवीत आणि तुळयांवर फळ्या जडवीत. तीच माडीची जमीन.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. आसपासच्या रानांतील सागवानावर येथे जहाजे बांधली गेली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. पुढे इंग्रज आले. धनी बदलले, पण रानात कुऱ्हाड चालविणारे हात कष्टकऱ्यांचेच राहिले. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. शामराव व गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. १९४६ साली जंगलकामाच्या मजुरीसाठी त्यांना संप करावा लागला. तो मुलूख आज पालघर जिल्ह्यात आहे.

म्हणून घरात लाकडी जमीन घालायची, तर पाडलेल्या जुन्या घराचे सागवान मिळते का, हे प्रथम पाहावे. ते मुरलेले असते आणि उभे झाडही वाचते. नवेच घ्यायचे, तर जून झाडाच्या गाभ्याचे व नीट वाळलेले घ्यावे. कडेच्या पांढुरक्या लाकडाला वाळवी लवकर लागते. आपली हवा दमट. पावसाळ्यात फळी फुगते, तेव्हा भिंतीलगत बोटभर फट ठेवावी. रेतीने लाकूड घासले जाते. ती रोज झाडावी. फडके घट्ट पिळून पुसावे, पाणी कधी ओतू नये.

लाकडाचा भाव अवश्य करावा. सुताराच्या मजुरीचा करू नये. कुऱ्हाडीपासून रंध्यापर्यंतचे श्रम आजवर फार स्वस्तात गेले आहेत.