लघुरूपे वाचताना : 'अजा', 'पीसीआर' आणि इतर

'ता. निफाड' मधला 'ता.' म्हणजे तालुका आणि 'ता. 14 ऑक्टोबर' मधला 'ता.' म्हणजे तारीख. वाचताना कुणी अडखळत नाही, कारण पुढचा शब्द अर्थ ठरवून देतो. 'निसाका' निफाडचा साखर कारखाना आणि 'नासाका' नाशिकचा, हेही आपल्याकडे शाळकरी पोर सांगेल. अडचण येते ती हक्कांच्या कागदांत.

सर्वात जास्त घोटाळा 'अजा' आणि 'अज' यांचा. अजा म्हणजे अनुसूचित जाती, अज म्हणजे अनुसूचित जमाती. फरक एका कान्याचा. पण संविधानातील कलमे वेगळी (341 आणि 342), राज्यातील आरक्षण वेगळे (13 आणि 7 टक्के), विभाग वेगळे आणि जात पडताळणीच्या समित्याही वेगळ्या. आम्ही मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायला बसतो, तेव्हा एका मुलाच्या अर्जावर प्रवर्ग 'अज' पडलेला सापडला. भरणाऱ्याने घाईत भरला होता. दुरुस्ती होईपर्यंत मुदत संपली आणि त्या वर्षीची फी घरच्यांनी उसनवारी करून भरली. दुसरा प्रश्न नेहमी येतो तो धर्माच्या रकान्याचा. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही केंद्राच्या सवलतींसाठी अनुसूचित जातीचे धरले जाते. त्यामुळे धर्म 'बौद्ध' आणि प्रवर्ग 'अजा' लिहिण्यात काहीच विसंगती नाही.

इंग्रजी 'एससी'चा घोळ निराळा. 'एससीचा मोठा निर्णय' असा मथळा ग्रुपवर फिरतो आणि आरक्षणावर वाद सुरू होतो. बातमी उघडून पाहिली तर एससी म्हणजे सुप्रीम कोर्ट, आणि निर्णय कुठल्या तरी जमिनीच्या दाव्याचा!

कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे असे लघुरूप म्हणजे 'पीसीआर'. कोरोनाच्या काळात ती तपासणी होती. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात 'आरोपीला तीन दिवसांचा पीसीआर' म्हणजे पोलीस कोठडी. आणि 'पीसीआर कायदा' म्हणजे नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955. मूळ नाव अस्पृश्यता (अपराध) अधिनियम. 1976 पासून आजचे नाव. या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत. म्हणून मंदिरात किंवा पाणवठ्यावर अडवल्याची तक्रार दिल्यावर 'एनसी घेतली आहे, जा' असे उत्तर मिळाले, तर तिथेच थांबून विचारा. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. हातात मिळालेल्या कागदाला एफआयआर समजून घरी गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. कागदाच्या डोक्यावर काय लिहिले आहे ते आधी वाचा, आणि लघुरूप असेल तर पूर्ण नाव विचारा.

'बीएसआय' आपल्यासाठी बाबासाहेबांनी 1955 मध्ये स्थापलेली भारतीय बौद्ध महासभा. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र बोटॅनिकल सर्व्हे आठवेल. 'भ.' बुद्धांच्या आधी भगवान, तर सवलतींच्या यादीतल्या 'भ.ज.' मध्ये भटक्या. राहता राहिले पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेतले 'कै.', म्हणजे कैलासवासी. आपण 'कालकथित' लिहून देतो, पण छापखान्यात जुना साचा तयार असतो आणि 'कै.' आपोआप छापून येते. प्रूफ पाहायला घरातल्या कुणीतरी जावे.